आमचे व्याही कालवून जेवत नाहीत

आमच्या व्याह्यांइतका सज्जन माणूस, आणि आमच्या व्याह्यांइतका जेवायला वाढायला कठीण माणूस, अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. सापडलाच तर कृपा करून माझ्याकडे पाठवू नका, मला एक पुरे आहे. तसं त्यांना पथ्यपाणी काही नाही. वांगं खातात, कारलं खातात, सुकटीची चटणी तर मागून घेतात. अडचण एवढीच की ते कालवत नाहीत. पानात वरणभात पडला की सगळं जग त्याचं जे करतं ते हा माणूस करत नाही. आधी भाताकडे बघतो, मग वरणाकडे बघतो, तूप कुठल्या अंगाने ओघळत चाललंय ते मान तिरकी करून न्याहाळतो आणि मग पानाच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करून, ओळ धरून, एकेक छोटा घास उचलत उजवीकडे येतो. एक ओळ संपली की पुन्हा डावीकडून दुसरी. कोशिंबीर वाटेत आली तर कोशिंबीर, लोणचं आलं तर लोणचं, नुसतं मीठ आलं तर मीठसुद्धा. माझ्या निनादसाठी त्यांच्या केतकीची गोष्ट निघाली आणि ते पहिल्यांदा आमच्याकडे जेवले, तेव्हा आम्ही सगळे पानावरून उठून, हात धुऊन, बडीशेप खाऊन बसलो तरी हे अजून बटाट्याच्या भाजीच्या उत्तरेला होते. आमचे हे माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पोरगी बेस हाय, पन बापाचा काय खरा न्हाय."

मी शाळेत मराठी शिकवण्यात जन्म घालवलेली बाई, मला गप्प राहवत नाही. मी विचारलंच, की भाऊ, वरण बिघडलंय का? तर लग्न ठरायच्या आधीच मला विहीणबाई म्हणून मोकळे झाले. देण्याघेण्याच्या बैठकीत असा माणूस म्हणजे सोनंच की हो, पण आम्हाला काही मागायचंच नव्हतं, त्यामुळे तो भोळेपणा फुकट गेला. "विहीणबाई, कालवलं की चव राहते," ते म्हणाले, "पण काय कुठे होतं ते जातं. कायमचं जातं." हे त्यांनी इतक्या खऱ्या दुःखाने सांगितलं की मला माझ्या पोटात गेलेल्या आजवरच्या सगळ्या वरणभाताबद्दल हळहळ वाटली. पुढे कळलं, की हा माणूस जेवणाबद्दल बोलतच नव्हता, आपल्या नोकरीबद्दल बोलत होता.

व्याही खाडीपलीकडच्या एका प्रयोगशाळेत कर्करोगाच्या गाठींचे नकाशे काढतात. तिथे ते काय करतात हे मला कळायला लग्नानंतर दोन दिवाळ्या जाव्या लागल्या, आणि कळलं ते शेलार गावातल्या आमच्या यंत्रमागाच्या कारखान्यात. आमचे हे एका पार्टीला कापड दाखवत होते. धंद्यातली माणसं करतात तसं त्यांनी ताग्यातून एक धागा ओढला, त्याला काडी लावली, धूर हुंगला, राख चिमटीत चुरगळली आणि यात पॉलिएस्टर आहे म्हणून सांगितलं. व्याह्यांचे डोळे लग्नातसुद्धा असे चमकले नव्हते. आम्हीही हेच करतो, म्हणाले, आणि लूमच्या खटखटाटात, हातवारे करत, त्यांनी मला सगळं सांगितलं. पूर्वी गाठीचा तुकडा घ्यायचे, चक्क वाटायचे आणि त्या वाटणात कोणकोणती प्रथिनं आहेत ते शोधायचे. मिरची आहे, खोबरं आहे, कोथिंबीर आहे, सगळं कळायचं. पण मिरची मधोमध होती की काठाला, ते कोण सांगणार? व्याह्यांचं यंत्र वाटत नाही. केसाहून पातळ असा काप काचेवर ठेवायचा, त्यावर एका रसायनाचा बेताचा फवारा मारायचा आणि मग लेसरने एका ठिपक्याला टिचकी मारायची. तिथले कण उडतात आणि एका नळीतून धावत सुटतात. हलके आधी पोचतात, जड मागून धापा टाकत येतात. कोण केव्हा पोचलं त्यावरून त्याचं वजन आणि वजनावरून त्याचं नाव. मग शेजारचा ठिपका, मग त्याच्या शेजारचा, ओळ संपली की पुढची ओळ. सगळे ठिपके झाले की संगणक चित्र काढून देतो, हे अमुक प्रथिन कापात कुठे कुठे बसलंय त्याचं. मी म्हटलं, म्हणजे तुम्ही जेवता तसंच की. ते लाजले आणि म्हणाले, हो, इतकी वर्षं यंत्राच्या शेजारी बसून तीच खोड लागली.

खोड काय ती एकच असती तर मी हे लिहायला बसले नसते. माणूस भेटला की लोक "कसे आहात" म्हणतात, हे "कुठे" विचारतात. डोकं दुखतंय म्हटलं की कुठे? आनंद झाला म्हटलं की कुठे? आमच्या ह्यांनी एकदा वैतागून सांगितलं, की लाइट गेल्यामुळे दोन शिफ्ट बुडाल्या, डोक्याला ताप झाला, तर व्याह्यांनी आस्थेने पुढे वाकून विचारलं, "मागे की कपाळात?" काप काढायची तर अशी सवय, की त्यांच्या हातात सुरी देणं म्हणजे त्या दिवशीची कोशिंबीर विसरणं. एका रविवारी मी चुकून काकडी दिली. जेवणं झाली, भांडी झाली, मी जरा आडवी होऊन उठले, तर व्याही स्वयंपाकघरात उभेच, आणि ताटात काकडीचे असे काप की खालची ताटाची नक्षी दिसावी. अर्धी काकडी अजून शिल्लक होती. मला म्हणाले, कडेचे काप जरा जाड आले, माफ करा.

आणि मान! विहिणीचा मान राखावा लागतो असं त्यांना कुणीतरी कधीतरी सांगितलेलं. केतकी लहान असतानाच त्यांची बायको गेली, त्यामुळे मान म्हणजे नेमकं काय आणि कुठे थांबायचं हे सांगायला घरात कोणी नाही. मग हे प्रत्येक सणाला मला साडी आणतात. साडी निवडतात ते आपल्या चित्रांवरून. त्यांच्या चित्रात प्रथिन कमी तिथे निळा, जरा बरं असेल तिथे हिरवा, मग पिवळा आणि खच्चून भरलं असेल तिथे लालभडक. तशाच त्या साड्या, निऱ्यांपाशी निळ्या आणि पदराकडे ताप चढत गेलेल्या. कापडाच्या गावात राहून मी अशा साड्या नेसून फिरते, आणि आमच्या ह्यांच्या धंद्यातली माणसं मला बघून नजर दुसरीकडे वळवतात. पण मी नेसते. नेसून आले की त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे पसरतं ना, त्यासाठी कुणीही नेसेल.

ठाण्याची माणसं आमच्या भिवंडीला यायचं म्हटलं की नाकं मुरडतात. कशेळीच्या पुलावर ट्रक अडकले की इतके अडकतात की माणूस गाडीत म्हातारा होतो. व्याही मात्र दर रविवारी येतात आणि तो पूल त्यांना फार आवडतो. रिक्षा थांबली की हे खाडीकडे बघत बसतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो, पाण्याचे फाटे दिसतात, कडेला खारफुटीची हिरवी किनार, मधेच एखादी होडी चिखलात रुतलेली. एकदा रिक्षावाला यांना विसरूनच गेला, इतके हे गप्प बसले होते. वाहतूक सुटली, आमचं घर मागे पडलं आणि नाक्याच्या पुढे गेल्यावर त्याने आरशात बघितलं आणि विचारलं, "अरे चाचा, आप अभी तक बैठे हो?" उतरल्यावर त्यांनी त्याचे आभार मानले.

राहनाळच्या गोदामांनी तर त्यांना वेडच लावलं. आमच्या ह्यांचं तिथे काही काम होतं, सोबत व्याह्यांना नेलं. एकासारखी एक गोदामं, एकासारखे एक निळे पत्रे, एकासारखी एक शटरं. कोणाच्या पोटात साबण, कोणाच्या पोटात मोबाइल, कोणाच्या पोटात शाळेची पुस्तकं. बाहेरून काही कळायचं नाही. व्याही प्रत्येक दारापाशी थांबायचे, डोळे मिटायचे आणि फटीला नाक लावून हुंगायचे. तिसऱ्या का चौथ्या गोदामाला वॉचमनने धरलं. आमचे हे धावत गेले, तेव्हा व्याही खुर्चीत बसलेले, हातात वॉचमनने दिलेला चहा, आणि वॉचमन काठी टेकून उभा. "सेठ, ये आदमी चोर नहीं लगता," त्याने तक्रार केली, "लेकिन हर शटर सूंघता है." व्याही घरी येऊन मला सांगत होते, की विहीणबाई, सूक्ष्मदर्शकाखाली पेशीसुद्धा अशाच दिसतात, रांगेने, एकासारख्या एक. एखादीत काय भरलंय ते बाहेरून ओळखू येत नाही. सांगता सांगता थांबले आणि तसेच बघत राहिले, माझ्या खांद्यावरून, कुठे कोण जाणे. आमटी निवली तरी परत आले नाहीत.

त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा एक चित्र दाखवलं. लॅपटॉप मांडीवर घेऊन आम्ही गच्चीत बसलो होतो, ऊन कलत होतं, खालून लूमचा आवाज येत होता. आमच्याकडे तो आवाज इतका सतत असतो की थांबला तरच ऐकू येतो. मला वाटलं होतं काहीतरी भीतीदायक असेल, डोळे अर्धे मिटूनच बघितलं. तर खाडीच होती ती! निळं निळं पाणी, त्यात हिरवी बेटं, बेटांना पिवळ्या वाळूचा काठ, आणि एका कोपऱ्यात लालभडक, जत्रेचे दिवे लागावेत तसं. मी म्हटलं, किती सुंदर आहे हो. लगेच जीभ चावली, कारण हे कुणाच्या तरी अंगातून काढलेलं दुखणं होतं. ते म्हणाले, असू द्या, मलाही सुंदरच वाटतं आणि मलाही लगेच तसंच होतं. कोणाचं आहे, मी विचारलं. माहीत नाही, म्हणाले, आमच्याकडे नावं येत नाहीत, नुसते आकडे येतात. मग आम्ही त्या कोणाच्या तरी खाडीकडे बघत बसलो.

तेव्हा माझ्या अंगात गाठ होती की नव्हती, देव जाणे. सापडली ती पुढच्या हिवाळ्यात, आंघोळ करताना, छातीत, हरभऱ्याएवढी. दुखत नव्हती. मी मुकाट्याने कपडे केले आणि कोणाला काही बोलले नाही. केतकीला सातवा लागला होता, डोहाळजेवण तोंडावर आलं होतं. घरात आनंद चाललेला, त्यात मी हे कुठे घेऊन जाऊ? बाळंतपण होऊ दे, बारसं होऊ दे, मग बघू, असं मी ठरवून टाकलं. शहाणपणा वगैरे काही नव्हता त्यात. मला भीती वाटत होती. नुसती भीती. कोणाला सांगितलं की ती गाठ खरी होईल, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

डोहाळजेवणाच्या आदल्या दुपारी मी व्याह्यांना फोन केला. निमित्त उद्याच्या फुलांचं. मनात मात्र वेगळंच होतं. बोलता बोलता सहज विचारल्यासारखं म्हटलं, की आमच्या शेजारणीला बाई गाठ लागतेय हाताला, असं काही असलं तर चार महिने थांबलेलं चालतं का हो? मी थापा मारायला कच्ची नाही, वर्गात चाळीस पोरांना तोंड दिलंय. पण पलीकडून त्यांनी सवयीने विचारलं, "कुठे?" आणि माझा हात आपोआप तिथे गेला आणि तोंडातून निघून गेलं, "डाव्या बाजूला, माझ्या काखेकडे."

मला वाटलं फोन कटला. मग मला हळूहळू कळलं, की आपण काय बोललो, आणि त्यांना कळलं, की आपण विहिणीला काय विचारलं. ज्या माणसाने माझ्यासमोर कधी कोंबडीच्या तंगडीचंसुद्धा नाव घेतलं नाही, तो माणूस! "क्षमा करा," असं पुटपुटून त्यांनी फोन ठेवला. मीही ठेवला. माझे कान लाल झाले होते, आणि खरं सांगते, त्या लाजेत थोडा वेळ मी भीती विसरले.

दुसऱ्या दिवशी व्याही आले ते उचकी घेऊनच. ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही, बोलायला गेला की उचकी लागते, हे केतकीने मला कधीतरी हसत सांगितलं होतं. मी ते विसरले होते. केतकीने फुलांचा मुकुट सावरत विचारलं, बाबा, चेहरा असा का, काही झालंय का? "काही नाही," म्हणाले आणि उचकी. प्रवासात त्रास झाला का? "नाही," उचकी. बायका म्हणाल्या, कोणीतरी आठवण काढतंय. साखर दिली, पाणी दिलं, नाक दाबून धरायला सांगितलं, एकीने तर पाठीत धपाटा घातला. आत बायका ओटी भरतायत, गाणी म्हणतायत, आणि बाहेरच्या खोलीतून प्रत्येक गाण्याच्या समेला एक उचकी. माझ्याकडे तर बघतच नव्हते. चुकून नजर गेली की लागोपाठ दोन. हसावं की रडावं मला कळेना. केतकी मात्र हसायची थांबली होती. ती तिच्या बापाला ओळखत होती.

मी त्यांना गच्चीत नेलं आणि चांगलं खडसावलं. म्हटलं, काय चाललंय तुमचं, गप्प राहायला काय घ्याल? ते कठड्याला धरून उभे राहिले. "मी कोणाला सांगणार नाही, विहीणबाई," ते म्हणाले, "ती गोष्ट तुमची आहे. पण मला लपवताही येत नाही. बाळंतपणापर्यंत मी असाच उचक्या देत राहीन." उचकी. "आणि ती गाठ माझ्यासाठी थांबणार नाही." ह्या शेवटच्या वाक्याला उचकी आली नाही. मी वाट बघितली, आली नाही. मग मला रडू फुटलं. ते बिचारे तिथेच उभे, हातात रुमाल, विहिणीला तो द्यावा की न द्यावा ह्या विचारात. शेवटी कठड्यावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरले.

त्या संध्याकाळी मी घरात सांगितलं. केतकी रडली नाही, पंजाबी ड्रेस चढवून तयार झाली, चला म्हणाली. मी म्हटलं, आता कुठे जातेस, दवाखाने बंद असतात, तर म्हणे उद्या सकाळी. मग सुया, तपासण्या, ठाण्याच्या फेऱ्या. गाठ कर्करोगाचीच निघाली. एका डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, की मोठ्या हॉस्पिटलात दुसऱ्यांदा तपासून घ्या, आणि माझ्या हातात एक लहानशी पिशवी दिली. आपल्याकडे हे असंच असतं, पेशंटनेच आपलं दुखणं एका दारातून दुसऱ्या दारात न्यायचं. पिशवीत मेणाचा चौकोनी ब्लॉक, साबणाच्या वडीचा तुकडा असावा तसा, आणि त्या मेणात मध्यभागी तांदळाएवढी मी.

तो ब्लॉक घेऊन मी हॉस्पिटलात जायच्या आधी व्याह्यांकडे गेले. खरं तर त्यासाठीच तो हातात आल्यापासून माझा जीव जरा थाऱ्यावर आला होता. बाकीच्या बायकांना डॉक्टर असतात, मला तर नकाशे काढणारा माणूस घरचा होता. मी पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, घाला मशीनमध्ये आणि सांगा, मी नातवंडाला शाळेत सोडायला असेन की नाही. माझ्या विचारण्यात आडपडदा नव्हता. व्याह्यांनी पिशवीला हात लावला नाही. लग्न ठरल्यापासून त्या माणसाने मला पहिल्यांदा नाही म्हटलं. "ते मशीन एकट्या माणसाचं काही सांगत नाही, विहीणबाई," ते म्हणाले. "खूप जणींची चित्रं जमतात, त्यांचं पुढे काय झालं ते कळतं, तेव्हा कुठे एखाद्या ठिपक्याचा अर्थ लागतो. आज तुमच्यासाठी सूक्ष्मदर्शकाशी बसलेला डॉक्टर माझ्यापेक्षा जास्त जाणतो." मी उचकीची वाट बघत बसले. आली नाही. माझ्या आयुष्यात मला कोणाच्या उचकीची एवढी गरज कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर आमचे हे भडकले. "मंग ती मशीन कशाला हाय?" म्हणाले, "आपल्या मानसाला न्हाय तर कुनाला हाय?" मलाही तेच वाटत होतं, पण ह्यांच्या तोंडून ऐकलं आणि मला व्याह्यांची बाजू घ्यावीशी वाटली. मी म्हटलं, तो माणूस खोटं बोलला असता तर तुम्हाला आवडलं असतं का? हे म्हणाले, हो. आणि मग तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसले.

ब्लॉक मोठ्या हॉस्पिटलात गेला, ऑपरेशन झालं, केस गेले, केस आले. औषधाच्या त्या दिवसांत तोंडाला चव नव्हती, अन्नाचा वाससुद्धा नको व्हायचा. व्याही रविवारी यायचे, डाळिंब घेऊन बसायचे आणि एकेक दाणा सोलून वाटीत टाकायचे. मी पडल्या पडल्या त्यांच्याकडे बघायची आणि मला झोप लागायची, आणि झोपेत ती खाडी दिसायची, निळी निळी, तिच्यातून मी होडीतून चाललेली, कुठेही पोचायची घाई नसलेली. नात झाली ती त्याच दिवसांत. तिला माझ्या शेजारी आणून निजवली तेव्हा दोघींच्याही डोक्यावर सारखेच केस होते.

ऑपरेशनच्या आधी एक मुलगी माझ्याकडे सही घ्यायला आली होती. तपासणी होऊन गाठीचं जे उरेल ते संशोधनाला द्याल का, असं विचारत होती. कुठल्या कुठल्या प्रयोगशाळांत जातं म्हटल्यावर तिने नावं सांगितली, त्यात व्याह्यांची होती. मी अशी झोकात सही केली! म्हटलं, समोरून घेत नाही काय, आता मागच्या दाराने येते. शेजारी केतकी होती, तिने बघितलं तेवढंच; बाकी कोणाला बोलले नाही. पुढे बरी झाले, जरा हिंडूफिरू लागले, आणि परवाच्या रविवारी, नात त्यांच्या मांडीवर झोपली होती, हलता येत नव्हतं त्यांना, असा मोका साधून मी त्यांना सांगितलं. म्हटलं, पोचलेय मी तुमच्या मशीनपर्यंत, आता कसं नाही म्हणाल?

मला वाटलं होतं हसतील. त्यांनी नातीच्या पायाचा अंगठा धरला. मग हळू आवाजात सांगितलं, की केतकीकडून त्यांना केव्हाच कळलं होतं. त्या हॉस्पिटलातून नमुने आले, तेव्हापासून ते आहेतच तिथे, नावं काढलेले, नुसत्या आकड्यांचे. त्यातला माझा असेलही, नसेलही. शोधायचं ठरवलं तरी त्यांना शोधता येणार नाही, आणि शोधायचंही नाही. माझी अजून दर थोड्या महिन्यांनी तपासणी असते, पुढचं डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत; आणि ज्या माणसाला काय कुठे आहे एवढं एकच जाणून घ्यायचं असतं, त्याला आपली विहीण कुठे आहे हे कधीच कळणार नव्हतं. मला एकदम त्यांचीच कीव आली. मी म्हटलं, जाऊ द्या हो, मी इथे आहे की, समोर.

"हो," ते म्हणाले. "पण काम जरा मागे पडलंय माझं. पूर्वी एखाद्या कापाचं चित्र बिघडलं की फेकून दुसरा घ्यायचो. आता हात होत नाही. वाटतं, ह्या विहीणबाई असल्या तर?"

नात कुरकुरली म्हणून ते मांडी हलवू लागले आणि बोलणं तिथेच राहिलं. पुढच्या वर्षी ते निवृत्त होतील. प्रयोगशाळेतली माणसं कुरकुर करतात म्हणे, की साहेब हल्ली फार वेळ लावतात. लावू देत. कुठल्या कुठल्या गावच्या बायका तिथे आकडे होऊन पडल्यात, त्यांच्या घरचं तिथे कोणी नाही. एकेकीपाशी आमचे व्याही थांबतात, ती मी असेन म्हणून.